खोडलेला व

एक्केचाळिसाव्या पानावर एक चूक आहे. पुस्तक लहान आहे, शंभर पानांच्या आतलं. त्याची दुसरी आवृत्तीही निघाली, पण चूक तशीच राहिली. चूक एका अक्षराची आहे. ते पान प्रमाण मानून मी तीन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या बहिणीला नामपूरहून आणायला गेले नाही. तिने मला बोलावलं होतं. चूक कोणी केली हे मला यंदाच्या चैत्रात कळलं. ती कोणाला कधीपासून माहीत होती, तेही त्याच आठवड्यात कळलं. घडलं त्या क्रमाने लिहिते.

मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होते. काम दुसऱ्यांच्या मजकुराचं: लांबलेलं तोडायचं, चुकलेलं सुधारायचं, दोनदा आलेलं एकदा करायचं. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी एक मानपत्र दिलं. ते फ्रेम करायला मी रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात गेले. दुकानदार शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक होते. गल्ली त्यांना सर म्हणत असे, मीही म्हणू लागले. सरांनी मानपत्र वाचलं, त्यातल्या दोन चुकांवर नख टेकवलं आणि विचारलं, "हे खरंच भिंतीवर लावायचंय का तुम्हाला?"

मी जरा विचार करून नाही म्हणाले.

"मग रविवारी या. सकाळी नऊला. शटर अर्धंच वर असतं, वाकून यावं लागेल."

रविवारी तिथे दहा-बाराजण असत. लाकडी पट्ट्यांचा वास, भुसा, कोपऱ्यात उभ्या केलेल्या काचा. बसायला पुठ्ठ्याचे गठ्ठे. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, त्यातलं एकच पान वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. मग सर त्या आठवड्यात फ्रेमला आलेलं एखादं चित्र समोर ठेवत आणि बोलत. अट एकच होती. 'अध्यात्म' हा शब्द जो उच्चारेल त्याने दुकान झाडायचं. पहिल्या महिन्यात मी तीनदा झाडलं.

एकदा त्यांनी देवाचं एक कॅलेंडरवरचं चित्र ठेवलं. डाव्या पायाला सहा बोटं होती. छापणाऱ्याला दिसलं नव्हतं, विकणाऱ्याला नव्हतं, बारा वर्षं पूजा करणाऱ्या घरालाही नव्हतं. सर त्या सहाव्या बोटावर तासभर बोलले. एकदा दुसरीतल्या एका मुलीने काढलेला देव होता: विजेचा खांब, त्यावर दोन कावळे. एकदा त्यांनी नुकत्याच गेलेल्या एका बाईंचा फोटो ठेवला. घरच्यांना तो तेराव्याच्या आत हवा होता आणि मागचं स्वयंपाकघर काढून तिथे निळं आकाश घालून हवं होतं. सर म्हणाले, "चाळीस वर्षं ती ज्या ओट्यापाशी उभी राहिली, तो ओटा काढायचा म्हणतात. वर जायला आकाश लागतं असं यांना कोणी सांगितलं?" आम्ही हसलो. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. ती शांतता मला कुठल्या देवळात मिळाली नव्हती. ही नोंद आवश्यक आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

बैठकीला मखमलाबादकडच्या एक फुलवाल्या मावशी यायच्या. घरची झेंडूची आणि भाजीची शेती. पहाटे माल बाजारात देऊन, उरलेल्या फुलांची पाटी शटरबाहेर ठेवून त्या आत येत. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तकाऐवजी त्या एक फूल आणायच्या आणि म्हणायच्या, "हे माझं पान. वाचा कोन वाचतं ते."

दोन वर्षांनी मी सरांना सुचवलं की ही बोलणी पुस्तकात यावीत. मी दर रविवारी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत होतेच. ते मी घरी ऐकून उतरवलं, गल्लीतल्याच एका टंकन करणाऱ्याने संगणकावर घेतलं. मुद्रितं मी तपासली. सरांनी फक्त मुखपृष्ठ काढलं: रिकामी चौकट. प्रती आल्या त्या दिवशी मी पेढे नेले होते.

एक्केचाळिसाव्या पानावर, एका लहान प्रकरणाच्या शेवटी, असं छापलं आहे: 'ओढू नये. जे चिकटले आहे, ते सोडावे.'

पुस्तकातलं हेच वाक्य लोकांनी उचललं. कोणी ते सुलेखनात लिहून घेतलं, कोणी दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापलं, रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्यांनी ते फुलांवर टाकलं. एका निवृत्त अभियंत्याने ते मोठ्या अक्षरांत लिहून सरांकडूनच फ्रेम करून घेतलं. माझ्या टेबलाच्या काचेखालीही ते होतं. नोकरी सुटली होती, आई गेली होती, वडील त्याआधी गेले होते. सोडावे, हा शब्द रोज वाचायला बरा वाटायचा.

बैठकीत त्या पानावर एकदाच वाद झाला. कोणीतरी ते वाक्य वाचलं, तेव्हा फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "सोडावं नाय. सोडवावं."

मी म्हणाले, "मावशी, पुस्तकात 'सोडावे' आहे."

"पुस्तकात आसंल. सर बोलले तवा मी इथंच बसलेली व्हते. सोडवावं म्हनले. दोडक्याचा वेल तारंला गुतला तं काय करता तुमी? सोडला तं खाली पडून कुजंल. हळूच सोडवावा लागतो."

"तुमच्याकडे तसं म्हणत असतील," मी म्हणाले. "लिहिताना 'सोडावे'. अर्थ वेगळा होतो, मावशी. सोडवावे म्हणजे गणित सोडवतात तसं."

सगळे हसले. अभियंते म्हणाले, "मावशी, पेपरवाल्या बाईंशी पैज लावू नका, त्या वेलांटीसुद्धा मोजतात!" मावशीही हसल्या आणि पदर सावरून गप्प बसल्या. सर समोर काच पुसत होते. तेही हसले. ते हसले हे मला नक्की आठवतं, कारण मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. आपण बरोबर आहोत ना, एवढंच मला त्यांच्या चेहऱ्यावर पाहायचं होतं.

आता बहिणीबद्दल. आम्ही दोघीच. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती बागलाणातल्या नामपूरला गेली. नाशिकमध्ये वाढलेली मुलगी बागलाणात गेली तेव्हा तिला अहिराणीचा एक शब्द येत नव्हता. सासूने तिला तीन महिन्यांत शिकवली. तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना सासरहून आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक घरी ते काम भावाचं. आम्हाला भाऊ नाही. वडील थकल्यावर मुराळी मी झाले. दर आखाजीला रजा टाकून मी पिंपळगाव, देवळा, सटाणा करत एसटीने जायचे, ताईला आणायचे, आठ दिवसांनी परत सोडायला जायचे. आईवडील गेल्यावर गंगापूर रोडवरचं माझं दोन खोल्यांचं घर हेच तिचं माहेर उरलं.

फोनवर आमची एक खूण होती. ठरवून केलेली नव्हती, आपोआप झाली. सासरचं कोणी जवळ असलं की ताई अहिराणीत बोलायची. कशी आहेस विचारलं तर "बरं शे", म्हणजे बरं आहे, म्हणायची. एकटी असली की नाशिकचं मराठी बोलायची आणि मग खरं सांगायची. पहिल्या वाक्यातच मला कळायचं की पुढचं ऐकायचं की नुसतं हं हं करायचं.

तिचे यजमान वारले. वर्षभराने मुलाने घर वाढवलं आणि तिची खाट कांदा साठवायच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत गेली. मारहाण नाही, उपासमार नाही. सून ताट वेळेवर पाठवायची. ताट पाठवलं जायचं, हेच काय ते. ताईने एवढंच सांगितलं होतं: "दिवसभरात मला कोणी हाक मारत नाही गं. 'ताट आलंय' म्हणतात."

तीन वर्षांपूर्वी, आखाजीच्या पंधरा दिवस आधी तिचा फोन आला. नाशिकचं मराठी होतं.

"आखाजीला येणार ना?"

"दर वर्षी येते की."

"हो, पण या वेळी न्यायला ये. सोडायला येऊ नको."

मला लगेच कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे परत नाही यायचं मला. तुझ्याकडे राहते. स्वयंपाक माझा. तू आपली पुस्तकं वाचत बस. मी मध्ये बोलणार नाही."

मी विचार करून सांगते म्हणाले. तिने पिशवी भरून ठेवते म्हणून सांगितलं.

मी चार दिवस विचार केला. कारणं काढली: घर लहान, जिना चढायला अवघड, मुलाला काय वाटेल, गावात काय बोलतील. खरं कारण यादीत नव्हतं. निवृत्तीनंतर त्या दोन खोल्यांत मला पहिल्यांदाच शांतता मिळाली होती आणि ती वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

रविवारी बैठक संपल्यावर मी थांबले आणि सरांना सगळं सांगितलं. ताईची खोली, ताट, पिशवी. विचारलं, "काय करू? आणू का तिला कायमची?"

सर पट्टीला खिळा ठोकत होते. ते थांबले. बाहेर मावशी पाटी उचलत होत्या, आत दोन-तीनजण अजून चपला शोधत होते, त्यांच्याकडे पाहून सर म्हणाले, "मला काय विचारता? एक्केचाळिसावं पान काढा. तुम्हीच तर शुद्ध करून दिलंय."

चपला शोधणारे हसले. मीही हसले. मला उत्तर मिळालं होतं. मला वाटलं, सरांनी मला माझीच वही उघडून दाखवली. ज्या माणसाने सहाव्या बोटावर तासभर बोलून मला रडवलं होतं, त्याच्या तोंडून आलेलं ते एक वाक्य मी निर्णय म्हणून घेतलं.

संध्याकाळी ताईला फोन केला. मी म्हणाले की या वर्षी जमणार नाही. तू तिथे रुजली आहेस, एवढ्या वर्षांनी उपटून आणणं बरं नाही. मग मी काचेखालचा कागद काढला आणि तिला वाचून दाखवला. "ओढू नये. जे चिकटले आहे, ते सोडावे."

मग ती म्हणाली, "बरं शे."

मला वाटलं, कोणीतरी खोलीत आलं.

त्यानंतरच्या आखाजींना तिने बोलावलं नाही आणि मी गेले नाही. फोन महिन्यातून एकदा होई, दोन मिनिटं. पाऊस, कांदा, गुडघे. ती आता नेहमी अहिराणीतच बोलायची. तिच्याजवळ सतत कोणीतरी असतं, अशी मी माझी समजूत करून घेतली.

या चैत्रात माझ्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली. त्या भिंतीवर आईवडिलांचा आणि आम्हा दोघींचा एक फोटो होता, स्टुडिओत काढलेला. उतरवला तर फोटो काचेला चिकटलेला. मी कोपरा उचलायला गेले तेव्हा रंगाचा पापुद्रा निघू लागला, म्हणून थांबले आणि फ्रेम तशीच घेऊन दुकानात गेले. सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता खोदलेला होता, रिक्षा लांबच सोडावी लागली. दुपारची वेळ, दुकानात सर एकटे.

त्यांनी फ्रेम उजेडात धरली. "ओढलंत का?"

"कोपरा थोडा."

"ओढायचं नाही. ओल लागली की फोटो काच धरून ठेवतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो. पाण्यात ठेवायचा, आपणहून सैल होईपर्यंत. चिकटलेलं सोडवावं लागतं."

त्यांच्या हातात काच होती. वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी विचारलं, "सर, हे तुम्ही बैठकीत बोलला होतात का?"

"बोललो असेन. किती वेळा बोललोय."

"कोणत्या शब्दात?"

"परवा या, फोटो तयार असेल," ते म्हणाले.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी लावायची नाही, ही आमच्या कामातली पहिली सवय. घरी येऊन मी जुनी ध्वनिमुद्रणं काढली. ती बैठक सापडायला दोन तास गेले. सरांचा आवाज, मागे मावशींचा खोकला, गल्लीतून जाणाऱ्या टेम्पोचा हॉर्न. मग, स्वच्छ: "ओढू नये. जे चिकटले आहे, ते सोडवावे." मी ते चार वेळा ऐकलं. उतरवलेली वही काढली. माझ्या अक्षरात 'सोडवावे' होतं. म्हणजे ऐकताना चूक झाली नव्हती. मला वाटलं, टंकन करणाऱ्याने केली असेल.

ठरल्या दिवशी मी दुकान उघडायच्या वेळेला पोचले. फोटो तयार होता, सपाट, कोरडा. कोपऱ्यातला एक नखाएवढा भाग सोडता सगळा वाचला होता. मी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सर, पुस्तकात चूक आहे."

"आहे," सर म्हणाले.

त्यांनी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखालून एक जाड पाकीट काढलं. पुस्तकाची मुद्रितं होती. मी ती तपासून त्यांना दिली होती, रद्दीत गेली असतील असं समजत होते. त्यांनी एक्केचाळिसावं पान माझ्यासमोर ठेवलं. टंकन बरोबर होतं: सोडवावे. त्यातला पहिला व लाल पेनाने खोडलेला होता आणि समासात काढून टाकण्याची खूण होती.

"ही खूण कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले.

कसं झालं हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. 'वा' आणि 'वे', लागोपाठ दोन व. बातम्यांत एक अक्षर दोनदा पडणं रोजचं. हात आपोआप जातो. मी व खोडला, उरलेला काना आधीच्या ड ला जाऊन लागला, आणि एक दुसराच, निर्दोष शब्द तयार झाला. निर्दोष असल्यामुळे तो पुढे कोणाला अडला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"प्रती आल्या त्या दिवशी. तुम्ही पेढे घेऊन उभ्या होतात. काय सांगणार?"

"दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी?"

"तोवर लोकांनी पाठ केलं होतं. अभियंत्यांनी फ्रेम करून घेतलं. मीच केलं ते, या हातांनी. आणि खरं सांगू का? तुमच्या चुकीने वाक्य बरं झालं होतं. माझं नुसतं दुकानातलं होतं. लोक येऊन पाया पडायला लागले."

"मावशी म्हणाल्या तेव्हा तुम्ही हसलात."

"सगळेच हसत होते."

एक प्रश्न उरला होता. "मी बहिणीबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही मला तेच पान काढायला सांगितलंत. चूक माहीत असताना."

सरांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागले. "मी गमतीत म्हणालो. मला वाटलं, तुम्ही पान काढाल, पाहाल, तुमच्या लक्षात येईल. तुम्ही शुद्धलेखनवाल्या."

"मी हसून निघून गेले, तेव्हा थांबवायचं होतं."

"बाई, तुम्ही मोकळं व्हायला आला होतात. आणायचं असतं तर मला विचारलं नसतंत, एसटीत बसला असतात." ते शांतपणे म्हणाले. तोच आवाज, रविवारचा. "मी फक्त आडवा आलो नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरीही ज्या आवाजाने मला ओट्यापाशी उभी असलेली बाई दाखवली, त्याच आवाजाने माझी पळवाट मला उघडून दिली होती आणि तिच्यावर माझीच सही होती. मी म्हणाले की निदान उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालू. ते म्हणाले, "आता ते लोकांचं वाक्य आहे." मी मुद्रिताचं ते पान मागितलं. त्यांनी दिलं नाही. पाकिटात घालून परत गठ्ठ्याखाली ठेवलं.

बाहेर पडताना शटर पूर्ण वर होतं. तरी मी सवयीने वाकले.

कारंजाजवळ मावशी पाटी घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं, "मावशी, तुमचं बरोबर होतं. सोडवावं. व मीच खोडला."

"मंग?" त्या झेंडू वेगळे करत राहिल्या. "मला वाचता येत नाय, पन ऐकू येतं. लय हसले व्हते त्या दिशी."

"चुकलं माझं."

"माझं काय गेलं त्यात? फुलं तर इकलीच मी." मग वर पाहून म्हणाल्या, "ती तुमची भईन, कांद्याकडं हाय ती. तिला सांगितलं का?"

"नाही अजून."

"मंग माझ्यापुढं काय बसल्या? उठा. गिऱ्हाइकाची जागा हाय ती."

आखाजीच्या दिवशी मी सकाळच्या एसटीने निघाले. पिशवीत दोन दिवसांचे कपडे आणि फोटो. ताईच्या दारात ट्रॅक्टर उभा होता, चाळीत कांदा भरणं चालू होतं. भाच्याने घाम पुसत पाहिलं. "मावशी! इतक्या दिवसांनी आठवण झाली का पेपरवाल्यांना? फोन करायचा ना आधी." सुनेने पाणी दिलं, पुरणपोळी आणि आमरसाचं ताट वाढू का विचारलं. "नंतर," मी म्हणाले. आणि मागच्या खोलीत गेले.

कांद्याचा वास दाराबाहेरच जाणवत होता. ताई खाटेवर बसून शेंगा सोलत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून ती उठली नाही, सरकून जागा केली. मी दार लावून घेतलं आणि बसले. फोटो दिला. तिने पदराने काच पुसली.

फोटोत ती चौदा वर्षांची आहे, परकर-पोलक्यात, ताठ उभी. मी सात वर्षांची. माझ्या मुठीत तिच्या परकराचा काठ आहे. एवढी वर्षं भिंतीवर असून मी तो पाहिला नव्हता.

मी तिला सगळं सांगितलं. दुकान, पान, व. तिने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "एका अक्षरापायी?"

"हो."

"आणि तू ते फोनवर मला वाचून दाखवलंस."

"हो."

"मी पिशवी भरली होती. आखाजी झाली तरी तीन दिवस दाराशी ठेवली. वाटलं, वाचून झालं की येशील. मग सून म्हणाली, रिकामीच करताय तर द्या, सुतळ्या ठेवायला होईल." ती हे नाशिकच्या मराठीत बोलत होती.

मी म्हणाले, "ताई, मी न्यायला आले आहे. सोडायला येणार नाही."

ताईने एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. मग दुसरी. बाहेर कोणीतरी कांद्याची पाटी ओतली, बराच वेळ घरंगळण्याचा आवाज आला. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "बरं शे."

मी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"ताई, त्या दिवशी फोनवर कोण आलं होतं खोलीत?"

"कोणी नई," ती म्हणाली. "चारनी गाडी शे सटाण्यानी. जेवी ले."

मी जेवले. चारच्या गाडीने एकटीच निघाले. फोटो तिने परत दिला नाही.